तोंड जुळले म्हणून तार जुळत नाही : संगणक जोडणाऱ्या कारागिरांसाठी एक धडा

सुटे भाग आणून संगणक जोडणे आणि बंद पडलेला संगणक दुरुस्त करून देणे, हा धंदा आपल्या समाजातील कित्येक तरुणांनी पत्करला आहे. कोणी आय.टी.आय. करून या धंद्यात आला, तर कोणी मामाच्या नाहीतर चाचांच्या दुकानात बसून शिकला. लॅपटॉप आणि मोबाइल आल्यानंतर टेबलावरच्या संगणकाचे दिवस संपले असे अनेकांना वाटले होते. परंतु हिशेबनिसाचे कार्यालय, छापखाना, शाळा, कॅमेऱ्यांवर नजर ठेवणारी खोली आणि खेळ खेळणारी मुले यांच्यामुळे हा धंदा टिकून आहे. जो धंदा टिकून आहे तो नीट शिकून करावा, एवढ्याच हेतूने आजचा विषय घेतला आहे. विषय दिसायला अगदी छोटा आहे. संगणकाच्या पेटीतल्या तारा आणि त्यांच्या टोकांचे कनेक्टर.

आमच्या ओळखीच्या एका दुकानात घडलेली हकीकत आधी सांगतो. एका कापड व्यापाऱ्याचा संगणक बंद पडला म्हणून दुकानात आला. शागिर्दाने तपासले तेव्हा वीज पुरवणारी पेटी, म्हणजे एसएमपीएस, जळालेली निघाली. त्याने तेवढ्याच वॉटचा पण दुसऱ्या कंपनीचा नवा एसएमपीएस आणला. जुना आणि नवा दोन्ही मॉड्युलर प्रकारचे, म्हणजे ज्यांच्या तारा पेटीपासून सुट्या करता येतात असे होते. जुन्या तारा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला छान बांधून ठेवलेल्या होत्या. त्या सगळ्या सोडवायचा कंटाळा आला म्हणून मुलाने त्या तशाच ठेवल्या आणि त्यांची मागची टोके नव्या एसएमपीएसमध्ये खोवली. ती बरोबर बसली. खट् असा आवाजही आला. बटण दाबताच जळका वास आला आणि दोन्ही हार्डडिस्क गेल्या. एका डिस्कमध्ये व्यापाऱ्याचा चालू वर्षाचा हिशेब होता आणि दुसऱ्या डिस्कमध्ये त्याच हिशेबाची नक्कल होती.

दुकानदाराने मुलाला विचारले, "अरे, जुनी तार का लावलीस?" मुलगा म्हणाला, "उस्ताद, बसली म्हणून लावली."

आजचा सगळा धडा मुलाच्या या एका उत्तरात आहे. त्याने जोर लावला नव्हता. उलटे लावले नव्हते. जे तोंड ज्यात बसते त्यातच त्याने बसवले होते. मग चूक कुठे झाली?

प्रमाण म्हणजे तीन गोष्टींची हमी

एखाद्या कनेक्टरचे प्रमाण ठरले आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात तीन गोष्टींची हमी असली पाहिजे. पहिली आकाराची, म्हणजे तोंड नेमके बसेल आणि उलटे बसणार नाही. दुसरी क्रमाची, म्हणजे कोणत्या भोकात कोणता व्होल्टेज येणार हे सर्वांनी एकच मानलेले असेल. तिसरी ताकदीची, म्हणजे तो कनेक्टर किती करंट पेलेल हे ठरलेले असेल.

घरातल्या विजेच्या प्लगचे उदाहरण घ्या. आपल्याकडे ६ अँपिअरचा लहान आणि १६ अँपिअरचा मोठा असे दोन प्लग चालतात. गिझरचा मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये शिरतच नाही. म्हणजे येथे आकारच ताकदीची राखण करतो. नट-बोल्टचेही तसेच. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे एक माप सुचवले. त्याआधी एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्या कारखान्याच्या नटात बसेल याचा भरवसा नव्हता. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या आपल्या भावांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आटे थोडे जुळतात, दोन फेरे आत जातात आणि मग बोल्ट खराब होतो, हा अनुभव त्यांनी घेतलेलाच आहे.

संगणकातली अडचण अशी की, काही ठिकाणी आकार जुळतो पण क्रम जुळत नाही, आणि काही ठिकाणी आकार व क्रम दोन्ही जुळतात पण ताकद पुरत नाही. बोल्ट खराब झाला तर बोल्टच जातो. येथे मात्र गिऱ्हाईकाची माहिती जाते.

नियम कसे आले

आज आपल्याला जे सोपे वाटते ते पूर्वी सोपे नव्हते. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पीसी आणि १९८४ मध्ये एटी हा संगणक बाजारात आणला. त्या पद्धतीत मदरबोर्डला वीज देण्यासाठी सहा-सहा तारांचे दोन कनेक्टर शेजारी-शेजारी लावावे लागत. त्यांना पी-८ आणि पी-९ म्हणत. दोघांचा आकार सारखाच. त्यांची जागा अदलाबदल झाली की मदरबोर्ड संपला. त्यामुळे प्रत्येक उस्ताद शागिर्दाला पहिली गोष्ट शिकवीत असे ती ही की, काळ्या तारा मधोमध, एकमेकींच्या शेजारी आल्या पाहिजेत. हे प्रमाण नव्हते. अपघात होऊ नये म्हणून कारागिरांनी तोंडपाठ केलेला नियम होता.

१९९५ मध्ये इंटेल कंपनीने एटीएक्स नावाची रचना जाहीर केली. तिच्यात दोनाऐवजी वीस पिनांचा एकच कनेक्टर आला. त्याच्या भोकांचे आकार असे ठेवले की तो एकाच बाजूने बसेल. तोंडपाठ करण्याची गरज उरली नाही. पुढे प्रोसेसरची भूक वाढली तेव्हा २००० साली प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा चार पिनांचा वेगळा कनेक्टर आला, आणि २००३ मध्ये मुख्य कनेक्टर चोवीस पिनांचा झाला.

माहिती वाहून नेणाऱ्या तारांचीही हीच गोष्ट. जुन्या आयडीई हार्डडिस्कची चाळीस पिनांची चपटी पट्टी सर्वांना आठवत असेल. तिच्या कडेची लाल रेघ म्हणजे एक नंबरची पिन. कनेक्टरला खाच नसलेल्या स्वस्त पट्ट्या सर्रास मिळत आणि उलट्याही बसत. २००३ च्या सुमारास साटा आली. माहितीसाठी सात आणि विजेसाठी पंधरा संपर्क, दोन्ही तोंडांना इंग्रजी एल अक्षरासारखी खाच. उलटे लावायचे म्हटले तरी लागत नाही.

येथे व्यापाराच्या दृष्टीने एक बाब लक्षात घ्यावी. छोट्या दुकानाचा जन्मच या प्रमाणांमुळे झाला. मदरबोर्ड एका कंपनीचा, एसएमपीएस दुसऱ्याचा, डिस्क तिसऱ्याची आणि कॅबिनेट चौथ्याचे, हे सर्व एकत्र आणून चालणारे यंत्र तयार होते, म्हणूनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये छोटा दुकानदार मोठ्या कंपनीसमोर उभा राहू शकला. प्रमाण नसते तर ज्याचा कारखाना त्याचीच दुरुस्ती, असा मामला झाला असता. म्हणून प्रमाण हे आपल्या रोजीरोटीचे मूळ आहे. ते कुठे संपते हेही आपल्याला ठाऊक असायला हवे.

प्रमाण कुठे संपते

पहिली जागा म्हणजे मॉड्युलर एसएमपीएसची मागची बाजू. तारेचे जे टोक मदरबोर्डला किंवा डिस्कला लागते त्याचे प्रमाण ठरलेले आहे. जे टोक एसएमपीएसमध्ये जाते त्याचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने तारांचा क्रम लावते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही तो वेगळा असू शकतो. कनेक्टरचे प्लॅस्टिक मात्र बहुतेकांचे सारखेच असते, म्हणून ते बसते. आमच्या हकीकतीत हेच घडले. डिस्कला जेथे ५ व्होल्ट मिळायचे तेथे १२ व्होल्ट गेले. मुलाने तारेचे पुढचे टोक पाहिले. मागच्या टोकाला कायदा नाही हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

दुसरी जागा रंगांची. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, नारिंगी ३.३ व्होल्ट आणि काळी ग्राउंड, हे रंग एटीएक्सच्या कारागिराला पाठ असतात. पण जुन्या एटी पद्धतीत नारिंगी तार वीज ठीक असल्याचा इशारा देण्यासाठी होती. एटीएक्समध्ये ते काम राखाडी तारेकडे गेले. म्हणजे रंग तोच, अर्थ दुसरा. आणि आता तर पुष्कळशा चांगल्या एसएमपीएसच्या सगळ्याच तारा काळ्या येतात. दिसायला सुरेख, पण रंग पाहून ओळखण्याचा मार्ग बंद. घराच्या वायरिंगचे काम करून या धंद्यात आलेल्यांनी तर तेथला रंगांचा हिशेब येथे अजिबात लावू नये.

तिसरी जागा कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपची. १९९० च्या दशकाच्या शेवटी डेल कंपनीच्या अनेक डेस्कटॉपमध्ये कनेक्टर एटीएक्ससारखाच होता, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा होता. बाजारातला साधा एसएमपीएस त्याला लावला की एसएमपीएस किंवा बोर्ड जळण्याची वेळ येई. आजही अनेक मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत मदरबोर्डचे कनेक्टर त्यांचे स्वतःचे असतात. आकारच वेगळा असेल तर निदान आपण थांबतो. आकार तोच आणि क्रम वेगळा, ही फसगत सर्वांत वाईट.

चौथी जागा कॅबिनेटच्या पुढच्या बाजूची. पॉवरचे बटण, रिसेटचे बटण आणि दोन दिवे यांच्या बारीक तारा लावताना डोळे दुखतात. आजच्या बहुतेक बोर्डांवर इंटेलने ठरवलेला क्रम असतो. १ व ३ वर डिस्कचा दिवा, २ व ४ वर पॉवरचा दिवा, ५ व ७ वर रिसेट, ६ व ८ वर पॉवरचे बटण, आणि १० नंबरची पिन गाळलेली. बटणाची तार उलटी झाली तरी चालते. दिव्याची उलटी झाली तर दिवा लागत नाही, पण नुकसान होत नाही. काही कॅबिनेटांत मात्र पॉवरच्या दिव्याचा कनेक्टर तीन भोकांचा येतो आणि मधले भोक रिकामे असते. तेव्हा सुईने पिन काढून मधल्या भोकात सरकवावी लागते.

त्याच ओळीतले यूएसबीचे कनेक्टर मात्र इतके क्षमाशील नाहीत. यूएसबी २.० च्या कनेक्टरमध्ये ९ नंबरची पिन नसते, पुढच्या ऑडिओच्या कनेक्टरमध्ये ८ नंबरची नसते. म्हणून एकाची तार दुसऱ्यात शिरत नाही. पण काही वर्षे बोर्डांवर फायरवायर नावाचाही कनेक्टर असे, आणि त्याचीही ९ नंबरचीच पिन गाळलेली असे. फायरवायरमध्ये १२ व्होल्ट येतात, यूएसबीमध्ये ५. अदलाबदल झाली की बोर्ड गेला. बोर्डाच्या पुस्तिकेत तशी सूचना छापावी लागे. जुन्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्यांनी हे आजही ध्यानात ठेवावे.

पाचवी जागा ताकदीची. जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून, ज्याला आपण सर्वजण मोलेक्स म्हणतो, साटा डिस्कला वीज देण्यासाठी छोटे जोड मिळतात. त्यांत दोन प्रकार आहेत. एकात प्लॅस्टिक वितळवून तारांवरच ओतलेले असते, दुसऱ्यात प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते. ओतीव प्रकारात तारा आत सरकून एकमेकींना टेकतात आणि जोड पेट घेतो, असे प्रकार अनेक ठिकाणी झाले आहेत. दोन्ही जोड बसतात सारखेच. भावात फरक थोडाच असतो.

मोठ्यांच्याही चुका होतात. २०२२ मध्ये महागड्या ग्राफिक्स कार्डांसाठी सोळा पिनांचा नवा कनेक्टर आला, ज्यातून ६०० वॉटपर्यंत वीज जावी असे ठरले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काही गिऱ्हाईकांच्या कार्डांचे कनेक्टर वितळल्याच्या बातम्या आल्या. कनेक्टर पूर्ण आत न बसणे हे त्यामागचे एक मोठे कारण निघाले. पुढच्या वर्षी त्याचा सुधारलेला नमुना आणण्यात आला. पूर्ण न बसलेल्या कनेक्टरमध्ये संपर्क अपुरा राहतो, आणि अपुऱ्या संपर्कातून मोठा करंट गेला की उष्णता होते, ही गोष्ट घरातल्या सैल प्लगलाही तितकीच लागू आहे.

आणखी एक गंमत अशी की, काही वेळा प्रमाण स्वतःच बदलते. २०१६ मध्ये साटाच्या विजेच्या कनेक्टरमधील तिसऱ्या संपर्काला नवे काम दिले गेले. तेथे ३.३ व्होल्ट आले की डिस्कने बंद राहायचे. ही सोय असलेल्या काही मोठ्या डिस्क जुन्या एसएमपीएसवर सुरूच होत नाहीत. कारागीर म्हणतो, डिस्क मेली. खरे तर ती हुकूम पाळत असते. ज्यात ३.३ व्होल्टची तारच नसते असा चांगला मोलेक्स-साटा जोड लावला की ती चालू होते. चांगली डिस्क खराब ठरवून परत पाठवण्याआधी हे एकदा तपासावे.

दुकानाने स्वतःचे प्रमाण ठरवावे

जेथे बाजाराचे प्रमाण संपते तेथे दुकानाचे सुरू झाले पाहिजे. आम्हाला उपयोगी वाटलेले नियम येथे देत आहोत. यांना पैसा फारसा लागत नाही, शिस्त लागते.

१. एसएमपीएस बदलला की त्याच्या सर्व तारा बदलाव्यात. जुनी एकही तार आत राहू नये. तारा बांधायला अर्धा तास जास्त गेला तरी चालेल.

२. सुट्या झालेल्या प्रत्येक तारेला लगेच कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर कंपनी आणि मॉडेल लिहावे, आणि ती आपल्या एसएमपीएसबरोबर एकाच पिशवीत ठेवावी. जिची ओळख पटत नाही ती तार कापून भंगारात टाकावी. "कधीतरी उपयोगी पडेल" म्हणून ठेवलेली बेवारस तार कधीतरी नक्की नुकसान करते. ती दुसऱ्या दुकानाला विकू तर मुळीच नये.

३. नवा एसएमपीएस बसवल्यावर आधी त्याच्याबरोबर आलेल्या मुख्य तारा मदरबोर्डला लावाव्यात, डिस्क लावू नयेत. चालू करून डिस्कच्या मोकळ्या मोलेक्स तोंडावर मल्टीमीटर धरावा. १२ व्होल्टच्या जागी ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टच्या जागी ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान आकडा आला पाहिजे. साटाच्या तोंडासाठी बाजारात मिळणारा छोटा एसएमपीएस टेस्टर वापरावा. त्यानंतर भिंतीवरचे बटण बंद करून मगच डिस्क जोडावी. एसएमपीएसची पेटी मात्र उघडू नये. बंद केल्यानंतरही तिच्या आत जिवावर बेतेल इतकी वीज साठलेली असू शकते.

४. दहा प्रकारचे एसएमपीएस ठेवण्यापेक्षा दोन-तीन चांगले मॉडेल निवडून तेच विकावेत. शिंपी आपल्या दुकानात एकाच मापाच्या बॉबिनची मशिने ठेवतो, कारण घाईत चुकीची बॉबिन हाती येऊ नये. आपणही तेच करावे.

५. प्रोसेसरचा आठ पिनांचा कनेक्टर आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा कनेक्टर वेगळे आहेत. दोघांत १२ व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या बाजू उलट असतात. पहिला चार-चार असा सुटतो, दुसरा सहा-दोन असा. शागिर्दाच्या हातात दोन्ही देऊन फरक दाखवावा.

६. जास्त वीज घेणाऱ्या वस्तूला जोड लावू नये, एसएमपीएसमधून थेट तार द्यावी. कनेक्टर पूर्ण बसला की नाही हे बोटाने आणि डोळ्यांनीही पाहावे. तार तोंडाजवळच मुरडू नये.

७. पुढच्या बाजूच्या पिनांचा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोरच्या भिंतीवर लावावा. तरीही प्रत्येक बोर्डाची पुस्तिका उघडून खात्री करावी.

८. यंत्र हाती घेण्याआधी गिऱ्हाईकाला विचारावे की माहितीची नक्कल संगणकाबाहेर कुठे आहे काय. उत्तर पावतीवर लिहावे. एकाच पेटीत ठेवलेल्या दोन डिस्कांना नक्कल म्हणता येत नाही, हे आमच्या व्यापाऱ्याला फार उशिरा कळले.

चूक झालीच तर

एवढे करूनही चूक होऊ शकते. तेव्हा दुसरा एसएमपीएस लावून "पाहू चालते का" असे करू नये. डिस्कच्या विजेच्या वाटेवर बहुधा एक संरक्षक भाग असतो, जो जास्त व्होल्टेज आल्यावर स्वतः जळून बाकीच्यांना वाचवतो. जाणकार माणसाच्या हाती गेल्यास अशा डिस्कमधली माहिती पुष्कळदा परत मिळते. पुन्हापुन्हा वीज देऊन आपण ती आशा घालवतो.

त्या दुकानदारापुढे सोपा रस्ता होता. "जुना एसएमपीएस जळताना डिस्कही घेऊन गेला," असे म्हणता आले असते आणि व्यापाऱ्याला ते खरेही वाटले असते. त्याने तसे केले नाही. गिऱ्हाईकाची माहिती ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, आणि अमानत बुडाली तर ती कोणाच्या हातून बुडाली हे सांगणे भाग आहे, असे मानून तो स्वतः व्यापाऱ्याच्या पेढीवर गेला आणि झाले ते सांगितले. दोन्ही डिस्क माहिती परत मिळवणाऱ्याकडे पाठवल्या आणि खर्च स्वतः सोसला. एका डिस्कमधला हिशेब परत मिळाला, दुसरी डिस्क गेली ती गेलीच. त्या महिन्यात दुकानाला नफा झाला नाही. व्यापारी काही दिवस रागावला, पण पुढचा संगणक त्याने त्याच दुकानातून घेतला.

मुलाला कामावरून काढले नाही. दुकानदार म्हणाला की मी त्याला जे शिकवलेच नाही त्याची शिक्षा त्याला कशी देऊ? दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून दुकानातल्या तारांचा खोका जमिनीवर ओतला. ज्या तारांची ओळख पटली त्यांना पट्ट्या लावल्या. उरलेल्या तारांची तोंडे पकडीने कापून भंगारवाल्याला दिली. तो ढीग अर्ध्याहून मोठा होता.

ज्यांच्या दुकानात असा खोका आहे, आणि तो बहुतेकांच्या दुकानात असतो, त्यांनी या आठवड्यात एक संध्याकाळ काढून तो ओतावा, ही विनंती.